माउस हलला की स्पीकर किणकिणतो: ग्राउंड लूपचं एक प्रकरण

पुण्यातल्या एका जुन्या इमारतीतला फ्लॅट आणि त्यातली दहा बाय दहाची खोली. काम ऑडिओबुकच्या संपादनाचं. संगणक असेंबल केलेला: ६५० वॉटचा एसएमपीएस (संगणकाचा पॉवर सप्लाय), वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि आवाजासाठी मदरबोर्डवरचीच चिप. स्पीकर पाच इंची, आतच अॅम्प्लिफायर असलेले, प्रत्येकाला तीन पिनांची स्वतःची पॉवर केबल. संगणकापासून स्पीकरपर्यंत ३ मीटरची केबल, तिच्या एका टोकाला ३.५ मिलिमीटरचा स्टीरिओ प्लग आणि दुसऱ्या टोकाला ६.३५ मिलिमीटरचे दोन मोनो प्लग. संगणक टेबलाखालच्या एक्स्टेन्शन बोर्डवर चालतो. स्पीकरना वीज समोरच्या भिंतीतल्या सॉकेटमधून मिळते आणि त्या सॉकेटचा एमसीबी (मुख्य बोर्डावरचा वीज तोडणारा स्विच) वेगळा आहे.

हा शेवटचा तपशील सगळ्यात महत्त्वाचा होता, पण तक्रार सांगताना तो कुणी सांगत नाही. तक्रार एवढीच होती: "स्पीकर सतत घूं करतात, माउस हलवला की किणकिणतात, आणि व्हिडिओ रेंडरला लावला की किणकिण चढते." मधूनच टक-टक-गर्रर्र असाही आवाज येई. तोवर दोन खर्च होऊन गेले होते. एक महागडी केबल घेतली, तिने काहीच फरक पडला नाही. मग यूएसबी साउंड कार्ड घेतलं. त्याने घूं तशीच राहिली आणि वर एक बारीक शिट्टी सुरू झाली. पुढचा सल्ला आत बसवायचं साउंड कार्ड घेण्याचा होता. तो खर्चही वाया गेला असता. का, ते पुढे येईलच.

आधी आवाज वेगळे करायचे

"खरखर येते" असं सांगून कुणी केबल विकत घेऊ नये, कारण एका तक्रारीत बहुधा दोन-तीन वेगळे दोष मिसळलेले असतात. इथे चार होते.

सतत येणारी घूं विजेच्या ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची. पाच इंची स्पीकर शुद्ध ५० हर्ट्झ फारसा वाजवत नाही. कानावर येतात ते १५०, २५० असे वरचे सूर, म्हणून आवाज गुणगुणीपेक्षा भुंग्यासारखा वाटतो. फोनवर फुकट मिळणाऱ्या स्पेक्ट्रम अॅपमध्ये हे सुळके स्पष्ट दिसतात. सुळका प्रामुख्याने १०० हर्ट्झचा असेल आणि इनपुट काढल्यावरही टिकत असेल, तर दोष स्पीकरच्या आतल्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टर कपॅसिटरचा धरावा. तिथून पुढचा सगळा शोध वेगळा.

किणकिण मात्र संगणकाच्या कामाबरोबर बदलते. पान सरकवलं, खिडकी ओढली, ग्राफिक्स कार्डवर ताण आला की तिचा सूर बदलतो. टक-टक-गर्रर्र मोबाइलचा. २जी नेटवर्कवरचा फोन सुमारे ४.६ मिलिसेकंदांतून एकदा, म्हणजे सेकंदाला २१७ वेळा, रेडिओचा झटका टाकतो आणि अॅम्प्लिफायर तो झटका आवाज म्हणून ऐकवतो. फोन दोन मीटर लांब ठेवला की प्रश्न संपतो. चौथा आवाज म्हणजे कान स्पीकरला लावल्यावर येणारी हलकी सूं. ती अॅम्प्लिफायरची स्वतःची असते, खुर्चीत बसून ऐकू येत नसेल तर तिच्या मागे लागू नये.

पाचवी शक्यताही खोडून काढावी लागते. स्पीकर बंद करूनही चिरचिर येत राहिली, तर ती कॅबिनेटमधून, ग्राफिक्स कार्डाच्या किंवा एसएमपीएसच्या कॉइलमधून येते आहे. त्यावर केबलचा कुठलाही उपाय चालत नाही. इथे स्पीकर बंद केल्यावर खोली शांत होती.

स्पीकर आणि केबल निर्दोष

चाचण्यांचा क्रम पाळला तर अर्ध्या तासात काम होतं, फक्त प्रत्येक वेळी स्पीकरचा नॉब आधी शून्यावर आणावा. जिवंत केबल उपसली-घातली की येणारा धप्प आवाज ट्वीटरला (उंच सूर वाजवणाऱ्या छोट्या भागाला) सोसत नाही.

पहिली पायरी: स्पीकरच्या मागची इनपुट केबल काढली, नॉब नेहमीच्या जागी आणला. घूं नाही, किणकिण नाही. म्हणजे स्पीकरचा पॉवर सप्लाय ठीक. दुसरी: केबल स्पीकरला लावली, संगणकाकडचा ३.५ मिलिमीटरचा प्लग बॅटरीवर चालणाऱ्या फोनला जोडला. शांत. केबल ठीक. त्याच जागी लॅपटॉप, चार्जर काढून: शांत. लॅपटॉपला तीन पिनांचा चार्जर लावल्याबरोबर घूं परतली. इथेच संशयाची सुई विजेच्या अर्थिंगकडे वळते, कारण सिग्नल तोच, केबल तीच, बदलली फक्त जमिनीशी जोडणी.

तिसरी चाचणी विंडोजमध्ये. आवाज पूर्ण म्यूट केला तरी किणकिण जशीच्या तशी, पण स्पीकरचा नॉब कमी केला की कमी. याचा अर्थ ती चिपमधल्या व्हॉल्यूमच्या पुढे आणि स्पीकरच्या नॉबच्या आधी शिरते आहे. तेवढ्या टप्प्यात आहे फक्त केबल आणि तिची दोन टोकं. म्यूटने आवाज गेला असता, तर माइकच्या प्रॉपर्टीजमध्ये "लिसन टू धिस डिव्हाइस" चालू राहिलंय का, माइक बूस्ट वाढवून ठेवलाय का, हे पाहावं लागलं असतं.

मग निर्णायक चाचणी, आणि नेमकी हीच बहुतेक जण करत नाहीत. मागच्या त्याच हिरव्या जॅकमध्ये साधे हेडफोन लावले. रेंडर चालू, माउस फिरतोय, आणि हेडफोनमध्ये काहीही नाही. चिपच खराब असती किंवा मदरबोर्डवरचाच गोंगाट तिच्यात शिरत असता, तर तो हेडफोनमध्येही आला असता. हेडफोन जमिनीला कुठेच जोडलेले नसतात, तीन पिनांचे स्पीकर असतात. फरक एवढाच, आणि नवीन साउंड कार्ड याच फरकाला हात लावत नाही. आत बसवलेलं कार्ड त्याच पत्र्याला, त्याच अर्थला जोडलेलं असतं.

समोरच्या पॅनेलच्या जॅकमध्ये मात्र हेडफोनलाही किंचित चिरचिर होती. तो वेगळा आणि नेहमीचा दोष आहे: पुढच्या जॅकची बारीक वायर बोर्डाच्या खालच्या कडेपासून ग्राफिक्स कार्डाजवळून जाते. स्पीकर कधीही मागच्या हिरव्या जॅकलाच लावावेत.

मीटरने काय दाखवलं

केबल पूर्ण सोडवून, दोन्ही यंत्रं चालू ठेवून, संगणकाच्या पत्र्याचा उघडा स्क्रू आणि स्पीकरच्या इनपुट जॅकची धातूची कड यांच्यामध्ये एसी व्होल्टेज मोजलं: ०.४२ व्होल्ट. यासाठी एसीची मिलिव्होल्ट रेंज असलेलं मीटर लागतं. बाजारात मिळणाऱ्या सगळ्यात स्वस्त पिवळ्या मीटरची एसीची खालची रेंज २०० व्होल्टची असते, तिच्यावर हा आकडा नीट कळत नाही. शिवाय साधं मीटर विजेच्या कंपनांपुरतंच खरं बोलतं, किलोहर्ट्झमधली किणकिण त्याला दिसत नाही. तिथे कानावरच विसंबायचं.

हाच आकडा ६० ते ११० व्होल्ट आला असता, तर दोघांपैकी एकाला अर्थिंगच नाही, असं समजायचं. मग आवाजाचं काम बाजूला ठेवून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवायचं.

सॉकेटचे आकडे असे: संगणकाकडे फेज-न्यूट्रल २३१, फेज-अर्थ २३०, न्यूट्रल-अर्थ १.१ व्होल्ट. स्पीकरकडे न्यूट्रल-अर्थ १.९. दोन्ही धोक्याच्या खूप खाली. पण एमसीबी पाडून सॉकेट उघडल्यावर स्पीकरकडचा अर्थचा पेच सैल आणि काळवंडलेला निघाला. तार घासून पेच आवळल्यावर ०.४२ चे ०.११ व्होल्ट झाले. घूं बरीच उतरली, किणकिण तसूभरही नाही.

जुन्या वायरिंगमध्ये एक लबाडी सापडते, ती इथे नव्हती पण तपासली: अर्थची तार नसली की सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून टाकतात. भार चालू असतानाही न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य दिसत असेल, तर सॉकेट उघडून बघावं. ही जोडणी जिवाला धोकादायक आहे, आणि न्यूट्रलचा करंट उपकरणांच्या पत्र्यावर आणत असल्यामुळे गोंगाटही वाढवते.

केबलच्या जाळीत दोन कामं

साध्या मोनो प्लगच्या केबलमध्ये बाहेरची जाळी एकाच वेळी दोन कामं करते. ती सिग्नलचं आवरण असते आणि सिग्नलची परतीची तारही तीच. संगणकाचा पत्रा विजेच्या अर्थला जोडलेला, स्पीकरचाही. म्हणजे जाळी, स्पीकरची अर्थ, भिंतीतली वायर, संगणकाची अर्थ आणि पुन्हा जाळी, असा एक बंद फेरा तयार होतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. या फेऱ्यात जो काही करंट वाहतो तो जाळीच्या रोधावर व्होल्टेज तयार करतो आणि ते सिग्नलमध्ये मिसळतं.

हिशोब करून पाहिला की प्रकरण किती बारीक आहे ते कळतं. जाळीचा रोध ०.२ ओम धरला आणि तिच्यातून १० मिलिअँपिअर गेले, तर २ मिलिव्होल्ट पडतात. घरगुती उपकरणांची लाइन पातळी, म्हणजे त्यांच्यातल्या ऑडिओ सिग्नलची नेहमीची पातळी, साधारण ३१६ मिलिव्होल्ट. म्हणजे गोंगाट संगीतापेक्षा फक्त ४४ डेसिबल खाली. रस्त्यावरच्या दुकानात हे लक्षातही येणार नाही, पण रात्री निवेदकाचे श्वास तपासताना ते असह्य होतं.

करंट येतो कुठून? एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेले छोटे वाय-कपॅसिटर असतात. ४.७ नॅनोफॅरडच्या एकाच कपॅसिटरमधून २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला सुमारे ०.३४ मिलिअँपिअर अर्थमध्ये जातो. दोष काही नाही, रचनाच तशी आहे. मॉनिटर, स्पीकर, फ्रिज, एसी असे सगळे आपापला वाटा टाकतात, आणि अर्थची तार लांब वा सैल असेल तर दोन सॉकेटच्या अर्थमध्ये फरक उभा राहतो. घूं ती ही.

किणकिणीचा उगम संगणकाच्या आत. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर १२ व्होल्टच्या लाइनवरून क्षणाक्षणाला बदलणारा मोठा करंट ओढतात. त्यातला काही भाग पत्र्यातून परततो आणि पत्र्याच्या दोन टोकांत सूक्ष्म फरक पडतो. ऑडिओ जॅक एका टोकाला, विजेची अर्थ दुसऱ्या टोकाला. बाहेरून जाळीचा समांतर रस्ता मिळाला की त्या करंटचा थोडा भाग तिकडून निघतो. म्हणून खिडकी ओढली की स्पीकरमध्ये ऐकू येते.

यूएसबी साउंड कार्डाने शिट्टी का वाढवली तेही इथेच कळतं. यूएसबीच्या केबलमध्येही ग्राउंडची तार आहे, म्हणजे फेरा तुटलाच नाही, उलट त्यात यूएसबीची पॉवर आली. यूएसबी २.० वर हाय-स्पीड जोडणीत दर १२५ मायक्रोसेकंदांनी एक फ्रेम सुरू होते, फुल-स्पीडमध्ये दर १ मिलिसेकंदाने. त्याच हिशोबाने शिट्टी ८ किलोहर्ट्झ किंवा १ किलोहर्ट्झ, अन् त्यांच्या पटींत येते. स्पेक्ट्रममध्ये हे आकडे दिसले की दुसरा पुरावा शोधायची गरज उरत नाही.

अर्थ पिन कापण्याबद्दल

या टप्प्यावर कुणीतरी हमखास टू-पिन कन्व्हर्टर आणून देतं. स्पीकरची अर्थ पिन सोडवली की घूं थांबते, हे खरं आहे. आणि हा उपाय अजिबात करू नये. अर्थ नसलेल्या उपकरणाचा पत्रा वाय-कपॅसिटरमुळे अंदाजे ११५ व्होल्टवर तरंगतो, त्याचीच झिणझिणी अनवाणी पायाने पत्र्याला हात लावल्यावर येते. खरा धोका वेगळा: स्पीकरच्या आत फेज पत्र्याला टेकली, तर करंटला जमिनीकडे जायला उरलेली एकमेव वाट म्हणजे ऑडिओ केबलची बारीक जाळी, मग मदरबोर्ड. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवलेली असेल तर ती वाचवेलही, पण जुन्या इमारतीत ती असेलच असं नाही. फेरा तोडायचा तो सिग्नलच्या बाजूने.

काय करून पाहिलं

पहिला उपाय बिनपैशाचा: स्पीकर आणि संगणक एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर. पाच इंची स्पीकरची जोडी आणि असा संगणक मिळून ६ अँपिअरच्या आत सहज बसतात. दोन पत्र्यांमधला फरक ०.०१५ व्होल्टवर आला आणि घूं जवळजवळ गेली. किणकिण राहिली, कारण ती भिंतीतून येतच नव्हती.

दुसरा, काही शे रुपयांचा ग्राउंड लूप आयसोलेटर. आत दोन छोटे १:१ ट्रान्सफॉर्मर असतात. सिग्नल चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो, तारेने नाही. किणकिण आणि उरलीसुरली घूं दोन्ही थांबल्या. पण खालचे सूर पातळ झाले, कारण स्वस्त ट्रान्सफॉर्मरचा गाभा कमी कंपनांना लवकर भरून जातो आणि तिथे विकृती येते. सिनेमा पाहायला हे चालून जातं. इथे चाललं नाही: फ, भ म्हणताना माइकवर बसणारा हवेचा धक्का १५० हर्ट्झच्या खालीच असतो, आणि संपादकाला तोच ऐकून काढायचा असतो.

ऑप्टिकल हा सगळ्यात निर्मळ मार्ग. प्लॅस्टिकच्या तंतूतून प्रकाश जातो, विजेचा संबंधच संपतो. मात्र या मदरबोर्डला ऑप्टिकल पोर्ट नव्हतं. असेल तर छोटा डीएसी (डिजिटल सिग्नलचं आवाजाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारी डबी) घ्यावा, पण त्याची ५ व्होल्टची केबल संगणकाच्या यूएसबीत खुपसू नये, नाहीतर तोडलेला फेरा त्या वायरने पुन्हा जुळतो. वेगळा टू-पिन मोबाइल चार्जर वापरावा.

यूएसबी आयसोलेटरही मिळतात. स्वस्तातले बहुतेक फुल-स्पीड, म्हणजे १२ मेगाबिटपर्यंतचे असतात आणि पलीकडे जेमतेम २०० मिलिअँपिअर देतात. ५०० मिलिअँपिअर मागणारा रेकॉर्डिंग इंटरफेस त्यावर सुरूच होत नाही.

कामी आलेली केबल

स्पीकरना बॅलन्स्ड इनपुट होतं, ही या प्रकरणातली जमेची बाजू. बॅलन्स्ड इनपुट दोन तारांमधला फरक तेवढा वाढवतं, दोन्हींवर सारखाच आलेला गोंगाट सोडून देतं. संगणकाचा जॅक बॅलन्स्ड नाही, तरी केबल विचार करून बांधली तर या गुणाचा मोठा वाटा पदरात पडतो.

सामान: दोन तारा आणि जाळी असलेली माइक केबल ३ मीटरचे दोन तुकडे, ६.३५ मिलिमीटरचे दोन स्टीरिओ प्लग, दोन आरसीए मेल प्लग (मधे पिन आणि बाहेर कडं असलेले), आणि ३.५ मिलिमीटरमधून दोन आरसीए फीमेल निघणारी १५ सेंटिमीटरची तयार केबल. दोन जाड माइक केबल एका ३.५ मिलिमीटरच्या प्लगमध्ये कोंबायच्या भानगडीत पडू नये, पहिल्याच ओढीला तार तुटते.

आरसीएच्या मधल्या पिनेला लाल तार, ती केबलच्या दुसऱ्या बाजूला स्टीरिओ प्लगच्या टोकाला (टिपला). आरसीएच्या बाहेरच्या कड्याला पांढरी तार, ती प्लगच्या मधल्या रिंगला. जाळी फक्त स्पीकरच्या बाजूला, प्लगच्या स्लीव्हला (रिंगच्या मागच्या लांब धातूच्या भागाला). संगणकाच्या बाजूला जाळी कापून त्यावर हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवायची, कशालाच जोडायची नाही. आता जाळी फक्त आवरण राहिली आणि परतीची तार वेगळी झाली. फेऱ्याचा करंट जायचा रस्ताच बंद.

सोल्डर केल्यावर मीटर बीपवर ठेवून तीन तपासण्या: आरसीएची मधली पिन आणि प्लगचं टोक, बीप हवा. आरसीएचं कडं आणि रिंग, बीप हवा. आरसीएचं कडं आणि स्लीव्ह, बीप नको. तिसऱ्यात बीप आला तर कुठेतरी जाळीचा एखादा केस टेकला आहे आणि ही केबल जुन्या केबलइतकीच निरुपयोगी आहे.

सोल्डरिंग टाळण्यासाठी बाजारातली ३.५ स्टीरिओ ते ६.३५ स्टीरिओ केबल थेट बॅलन्स्ड इनपुटला लावायची चूक फार जण करतात. तिच्यात टोकावर डावा आणि रिंगवर उजवा चॅनेल येतो, आणि स्पीकर दोघांची वजाबाकी करतो. दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज, म्हणजे नेमका निवेदकाचा, नाहीसा होतो.

जाळी एका टोकाला सुटी ठेवल्याने रेडिओ किंवा मोबाइलचा गोंगाट वाढला, तर संगणकाकडच्या टोकाला जाळी आणि कडं यांच्यामध्ये १० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर टाकावा. तो रेडिओला वाट देतो, ५० हर्ट्झला अडवतो. इथे गरज पडली नाही. आणि स्पीकरच्या माहितीपत्रकात इनपुट "बॅलन्स्ड" लिहिलेलं नसेल, नुसतंच ६.३५ चं भोक असेल, तर या केबलचा उपयोग नाही. तिथे चांगला ट्रान्सफॉर्मर किंवा ऑप्टिकल.

केबल बदलल्यावर रेंडर चालू ठेवून, नॉब कामाच्या पातळीवर ठेवून ऐकलं: किणकिण कान स्पीकरला टेकवल्यावरही सापडत नव्हती.

उरलेलं

संध्याकाळी पंखा लावला की बारीक भुर्रर्र येई. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर प्रत्येक अर्ध्या लहरीत वीज कापतो, त्याचा हा प्रताप. पूर्ण वेगावर आवाज जाई, मधल्या वेगावर परते. कपॅसिटरवर चालणारा पायऱ्यांचा रेग्युलेटर बसवल्यावर गेला. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर येणारी घरघर मात्र राहिली. हा इन्व्हर्टर चौकोनी लहर देणारा आहे, साइन वेव्हचा नाही. वीज नसताना अंतिम ऐकणी करायची नाही, एवढाच तोडगा त्यावर निघाला.

पातळ्याही बदलल्या. आधी विंडोज ३० टक्क्यांवर आणि स्पीकरचा नॉब जवळपास पूर्ण असे. उलट करायचं: विंडोज ९० ते १०० टक्के, नॉब खाली. सिग्नल मोठा असला की केबलवर जे काही बसेल ते त्याच्या तुलनेत लहान राहतं, आणि स्पीकरची सूंही मागे जाते.

पुढे कधी या संगणकाला एचडीएमआयने टीव्ही जोडला आणि टीव्हीला केबलवाल्याची कोअॅक्सियल वायर असली, तर जमिनीचा तिसरा रस्ता उघडेल. घूं परत आली तर आधी ती कोअॅक्सियल उपसून पाहावी. त्याने घूं थांबली तर आयसोलेटर तिथे, टीव्हीच्या वायरवर बसवायचा. लॅनच्या साध्या केबलवर संशय घेऊ नये, तिच्या दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मर असतातच. धातूच्या आवरणाची लॅन केबल असेल तरच ती तपासावी.